खुंटीवरचा सिंह

माझ्या उजव्या तळहातावर एक आडवा वण आहे. करंगळीच्या खालून निघतो आणि अंगठ्याच्या मुळाशी संपतो. इथं गुजरातेत टाइल्सच्या भट्टीवर आलो तेव्हा मुकादमानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि खूष झाला. त्याला वाटलं, ओझी ओढायची सवय असलेला गडी मिळाला. मी त्याला तसंच वाटू दिलं. एखाद्या खुणेचा अर्थ लोक आपल्या सोयीनं लावतात, हे मी गावाकडं पाहून आलो होतो. तो अर्थ चुकला म्हणून एक बाई वर्षानुवर्षं मार खात राहते, तेही पाहून आलो होतो.

आठवीत शाळा सुटली. त्यानंतर लिहिणं म्हणजे हजेरीवरची सही एवढंच. तरी हे लिहायला बसलोय, कारण मला एका चित्राबद्दल सांगायचं आहे. चित्रकलेतलं मला काही कळत नाही. आयुष्यात नीट बसून पाहिलं असं हे एकच चित्र. ते आमच्या ओसरीवर उभं होतं, आणि ते नसतं तर माझी वहिनी आज नसती असं मला वाटतं. ते आलं म्हणून ती मरता मरता वाचली, असंही कुणी म्हणू शकेल. दोन्ही खरं आहे.

आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं, फाट्यावरून आत. कुलदैवत नरसिंह. पोखर्णीच्या मोठ्या देवळात आम्ही वर्षातून एकदा जातोच, पण गावातही देवाचं लहान देऊळ आहे, आणि वैशाखात जयंतीला, दिवस बुडताना, देवळापुढं सोंग निघतं. बांबूच्या चौकटीला कागद चिकटवून खांब करतात. हिरण्यकश्यपू झालेला माणूस खांबाला लाथ घालतो, कागद टराटरा फाटतो आणि आतून मुखवटा घातलेला नरसिंह उडी घेतो. बोटांना पत्र्याची नखं बांधलेली. हिरण्यकश्यपूच्या पोटावर, धोतराच्या घडीत, अर्धं कलिंगड असतं. देवळाच्या उंबऱ्यावर त्याला आडवा घेऊन नरसिंह ते कलिंगड नखांनी फाडतो. लाल पाणी उंबऱ्यावरून खाली गळतं. बाया हात जोडतात, पोरं किंचाळतात, मोठी माणसं पोरांना सांगतात, "आरं कलिंगड हाय रं ते." पण सांगताना कुणी नरसिंहाकडं बघत नाही.

वध झाल्यावरही देव शांत होत नाही, अशी आमच्याकडची समजूत. तो माणसांवर धावून जातो. म्हणून त्याच्या कमरेला जाड सुती शेला बांधतात आणि शेल्याची दोन टोकं मागून दोघं जण धरतात. धरणाऱ्यांना एवढंच सांगितलेलं असतं, की सोडायचं नाही आणि पाडायचं नाही. देव पडला तर गावाचं काही खरं नाही.

मुखवटा आमच्या घरी असायचा. कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ यांचा तो सिंह, बापाच्या डोक्यावरून माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या डोक्यावर आला. शेल्याचं एक टोक चुलत्याच्या हातात होतं, दुसरं माझ्या.

दादा एरवी गप्प माणूस. बैलाला ओझं जास्त झालं तर स्वतः जुवाला खांदा लावणारा. आणि तोच दादा वहिनीला मळणीयंत्राच्या जुन्या पट्ट्यानं मारायचा. पट्ट्याचा आवाज हलगीसारखा यायचा. एकदा तिन्हीसांजेला त्यांची मुलगी उंबऱ्यावर बसली, म्हणून मारलं. पोरीला नाही, पोरीला उठवलं नाही म्हणून वहिनीला. वहिनी चुलीपुढून उठेस्तोवर पट्टा पाठीवर बसला. ती भिंतीला धरून उभी राहिली तर हातावर बसला. पोरगी दोन्ही कानांवर हात दाबून रांजणामागं जाऊन उभी राहिली. तिची ती ठरलेली जागा होती. मी मधे पडलो की पट्टा माझ्याही अंगावर यायचा आणि नंतर वहिनीच्या अंगावर दुपटीनं, म्हणून वहिनीच मला डोळ्यांनी दटावायची.

मग माय म्हणायची, "देव तापलाय. मुखवट्याला दही लाव गं पोरी."

हे आमच्या घरातलं औषध. दादाच्या अंगात वर्षभर नरसिंह थोडा थोडा उरतो, मुखवटा थंड केला की तो उतरतो, असं माय मानायची, तिची सासू मानायची, गाव मानायचं. मार खाल्लेल्या बाईनंच फळीवरून मुखवटा काढायचा, त्याच्या कपाळाला आणि जिभेला दही लावायचं, पदरानं वारा घालायचा. तोवर दादा पाणी पिऊन बाजेवर पडलेला असायचा. मुखवटा थंड झाला, दादा थंड झाला. माय म्हणायची, "बगा, उतरला." हात दुखले की माणूस थांबतोच, हे कुणी बोलायचं नाही. मलाही ते बरीच वर्षं सुचलं नव्हतं. घरात जे रोज घडतं ते वेगळ्या डोळ्यांनी बघायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

वहिनी या घरात आली तेव्हा मी चौथीत होतो. माझ्या दप्तराचे बंद ती शिवायची, भाकरीत तुपाचा हात फिरवून द्यायची. बाप गेल्यावर दादानं माझी शाळा बंद केली, तेव्हा घरात एकटी ती बोलली. "पोरगं हुशार हाय, शिकू द्या." त्यावर तिला जी चपराक बसली ती मी पाहिलेली पहिली. माझ्या शिक्षणापायी बसलेली. तिचे उपकार मी कशात मोजू? मी घाबरट माणूस आहे, अजूनही फोन वाजला की छाती धडधडते. पण तिच्याबद्दल लिहिताना घाबरायचं नाही असं ठरवलंय.

बाहेरचं माणूस आलं ते शेजारच्या मास्तरांच्या घरातून. त्यांची मुलगी शहरात चित्रकला शिकत होती. तिला आम्ही ताई म्हणायचो, वयानं माझ्याएवढीच असली तरी. एका जयंतीला तिनं सोंग पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन आमच्या ओसरीवर हजर. "दादा, मुखवटा काढू का?"

दादा खूष. "मुखवटाच काहून, माजं पण काढ. दणक्यात काढ. लोकायनी बगितलं पायजे."

ताई दोन-तीन दुपारी येऊन बसली. त्यातल्या एका दुपारी वहिनीचा उजवा कोपर सुजून टम्म झाला होता आणि ती डाव्या हातानं मुखवट्याला दही लावत होती.

"हे काय करताय?" ताईनं विचारलं.

"देवाला थंड करायलेय."

"आणि कोपराला काय लावलंत?"

वहिनीनं पदर कोपरावर ओढला. "कोपराला काय लावायचं? देव थंड झाला की समदंच थंड होतंय."

ताईची पेन्सिल थांबली, ती त्या दिवशी पुन्हा चालली नाही. ती वही मिटून गेली आणि वर्षभर आलीच नाही.

पुढच्या जयंतीच्या आठवडाभर आधी ती जीपमधून उतरली ती चादरीत गुंडाळलेलं माणसाएवढं चित्र घेऊनच. दादानं ओसरी झाडून घेतली. सोंगाचे बुवा आले. बुवा म्हणजे सोंगाची सगळी रीत ज्यांच्या तोंडात आहे ते म्हातारे. कुणी कधी उडी घ्यायची, हलगी कधी थांबायची, हे तेच सांगतात. चुलता आला, मास्तर आले, पाच-पंचवीस माणसं जमली. ताईनं चादर ओढली.

चित्रात घर नव्हतं. काळ्या रानात नुसती दाराची चौकट उभी, तिच्या आतूनही रानच दिसत होतं. आभाळ शिळ्या चहासारखं. चौकटीच्या उंबऱ्यावर एक माणूस बसलेला, डोळे मिटलेले, झोपेत बसावं तसा. त्याला सिंहाचं डोकं नव्हतं. माणसाचंच होतं, साधं, घामेजलेलं. पण हाताची नखं लांब, वाकडी, पिवळट, बोटांतूनच उगवलेली. त्याच्या मांडीवर एक हिरवं पातळ आडवं पडलं होतं. पातळात कुणी नव्हतं, तरी ते बाई झोपल्यासारखं फुगलेलं होतं, आणि पोटाच्या जागी फाटून त्यातून ज्वारीचे पांढरे दाणे उंबऱ्यावर सांडत होते. मागं एक खांब तडकलेला. तडकेतून देव येत नव्हता. आत एक लहान पोरगी उभी होती, दोन्ही कानांवर हात ठेवून. सिंहाचा मुखवटा चौकटीच्या खुंटीवर लटकत होता. त्याचे डोळे उघडे होते आणि खाली मांडीवर काय चाललंय ते बघत होते. माणसाच्या कमरेचा शेला मागं जात जात चित्राच्या कोपऱ्यापर्यंत पोचला होता, आणि तिथं फक्त चार बोटं. पुढचा हात चित्राच्या बाहेर.

आधी चुलता बोलला. "हिरण्यकश्यपू पातळ कवापासून नेसायला लागला?"

माणसं हसली. दादा हसला नाही.

बुवा जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघत म्हणाले, "पोरीचा क्रम चुकलाय. आदी वध, मग मुखवटा उतरायचा. हिनं आदीच खुंटीला अडकीवला."

मास्तरांना मुलीची बाजू सावरायची होती. ते म्हणाले, "पातळ म्हणजे पृथ्वी समजा. दाणे म्हणजे धान्य. दैत्यानं पृथ्वी लुटली होती ना, ती देव मोकळी करतोय."

"आन देवाचं डोस्कं?" बुवांनी विचारलं.

एकानं सुचवलं, ही होलिका असावी. दुसरा म्हणाला, कानावर हात ठेवलेला प्रल्हाद बाईमाणसासारखा काहून काढलाय? कुणी म्हणालं, शहरात असलंच काढतात, त्याला अर्थबिर्थ काही नसतो. ताई एका कडेला उभी होती. कुणी विचारलं की एवढंच म्हणायची, "मला स्वप्नात असं दिसलं. दिसलं तसं काढलं."

मी कोपऱ्यातल्या चार बोटांकडं बघत होतो. विचारलं, "ताई, हा हात कुणाचा?"

"ठाऊक नाही. स्वप्नात एवढाच दिसला."

तेवढ्यात वहिनी चहाचं ताट घेऊन आली. तिनं चित्र पाहिलं. ताट खाली ठेवलं नाही, कुणाला कपही दिला नाही. बराच वेळ ती खुंटीकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "मुखवटा भ्यालाय."

आणि हसली. मी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसत हसतच आत निघून गेली.

मी पुन्हा पाहिलं. खरंच. सिंहाच्या डोळ्यांत राग नव्हता. आमच्या पोरीच्या डोळ्यांत रांजणामागून दिसायची, तीच भीती होती.

दादानं ताईला सांगितलं, "ह्याच्यावर डोस्कं बसीव. लोकायपुढं देव बोडका दावलास तू."

"दादा, तो देव नाही."

मास्तरांनी मुलीचा दंड धरला. "चल घरी." ती जाताना मागं वळून वहिनी गेली त्या दाराकडं बघत होती.

दादानं डोकं स्वतःच बसवलं. ट्रॉलीला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडून त्यानं त्या माणसाच्या चेहऱ्यावर सिंहाचं तोंड काढलं. आयाळ काढली, मिशा काढल्या, लाल जीभ काढायला कुंकू कालवलं. मन लावून काढत होता बिचारा. बिचारा हा शब्द मी मुद्दाम ठेवतोय. त्याला खरंच वाटत होतं, की चित्र चुकलंय आणि तो ते दुरुस्त करतोय.

पोरगी बघायला आली आणि टाळी वाजवून ओरडली, "बाबा, मांजर!"

ब्रशासकट हात तिच्या गालावर बसला. पोरगी उंबऱ्यावर आपटली, अर्धं तोंड पिवळं. पट्टा उचलायला दादा वळला तेव्हा वहिनी आडवी आली. पोरीवर हात पहिल्यांदाच उठला होता, आणि वहिनीनं दादाचं मनगट पहिल्यांदाच धरलं होतं. दादानं तिला तसंच उचलून चौकटीवर फेकलं. हे मला वहिनीनं नंतर सांगितलं; मी गोठ्यात होतो, डोकं लाकडावर आपटल्याचा आवाज तेवढा ऐकला. धावत आलो तर तो तिच्या गळ्यावर गुडघा टेकून होता आणि तिचे पाय जमीन खरडत होते. मी त्याला मागून कवळा घालून ओढलं. माझ्या बरगडीत त्याचा कोपर बसला, पण गुडघा सुटला.

माय म्हणाली, "पोरी, दही आण. लौकर आण."

वहिनी खोकत उठून बसली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "मुखवटा काय करीत न्हाई, माय. तो सोताच भ्यालाय. चितरात बगा. आजपस्नं मी दही लावणार न्हाई."

सासूला उलट उत्तर, तेही देवाच्या बाबतीत. माय तोंडाला पदर लावून खाली बसली. दादा आता अगदी शांत झाला होता, आणि तो शांतपणा पट्ट्यापेक्षा वाईट होता. "ठीक हाय," तो म्हणाला. "जयंतीला तुजं तू आन देवाचं देव. देवच बगंल तुला."

मला लगेच कळलं. आमच्या घरच्या सवाष्णीनंच वध झाल्यावर नरसिंहाला ओवाळायचं असतं. देवाच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, ताट घेऊन. मुखवट्याच्या आत दादा, बोटांना पत्र्याची नखं, आणि भोवती हात जोडलेलं गाव. त्या वेळी जे होईल ते देवानं केलेलं असणार होतं. त्याला कुणी काही विचारणार नव्हतं.

मी वहिनीला म्हणालो, "पोरीला घेऊन माहेरी जा. मी सोनपेठच्या गाडीत बसवून देतो."

"आन गेले की काय म्हन्तील? देव कोपला, म्हनून पळाली. मग जलमभर कुटं बी गेले तरी कोपलेलीच. पोरगी बी कोपलेलीच." ती माझ्याकडं बघेना. "भाऊजी, शेला तुमच्याच हातात असतोय ना?"

"हाय."

"मग बास."

जयंतीपर्यंतचे ते दिवस मी रोज सकाळी चित्रापुढं उभा राहायचो. दादानं ते ओसरीवरच ठेवलं होतं, मिरवायला. खुंटीवर भ्यालेला सिंह आणि खाली पिवळं मांजर. मी त्या कोपऱ्यातल्या बोटांकडं बघायचो. ती मिटत होती की उघडत होती, हेच कळायचं नाही. जवळून बघितलं तर वाटायचं धरतायत. मागं सरकून बघितलं तर वाटायचं, शेला निसटतोय. ताईकडं विचारायला गेलो, तर मास्तरांनी तिला परत पाठवून दिलं होतं. मग माझं मीच ठरवायचं होतं. सोडायचं नाही हे सोपं होतं. पण पाडायचं नाही, याचं काय करायचं?

जयंतीला ऊन असं, की देवळाच्या फरशीवर पाणी ओतलं तरी चटके बसत होते. दिवस कलला, हलगी सुरू झाली. दादाच्या कमरेला मीच शेला बांधला. मुखवटा डोक्यावर चढवताना त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बारक्या, ढिला सोड आज." मी गाठ आणखी आवळली. मुखवट्याच्या आतून त्याचा श्वास ऐकू येत होता.

लाथ बसली, कागद फाटला, नरसिंह बाहेर आला. दादा सोंग करायचा तेव्हा खरंच सिंह वाटायचा, हे मान्य करायलाच पाहिजे. हिरण्यकश्यपू झालेला माणूस घाबरून खरोखर पळाला. दादानं त्याला ओढून उंबऱ्यावर आडवा घेतला आणि कलिंगड फुटलं. बाया ओरडल्या, "देवा, शांत हो!" वहिनी ताट घेऊन पुढं आली. हिरवं पातळ, गळ्याभोवती घट्ट पदर, आतला निळा डाग दिसू नये म्हणून. पोरगी तिच्या मागं.

नरसिंह तिच्याकडं झेपावला. माझ्या डाव्या बाजूचा चुलता म्हणाला, "देव ओवाळून घ्याला चाललाय," आणि दोन्ही हात जोडण्यासाठी त्यानं शेल्याचं टोक सोडून दिलं. भक्तीनं सोडलं. मला अजून त्याचा राग येत नाही, पण ते टोक हवेत उडालेलं मला झोपेत दिसतं.

सगळा भार माझ्यावर आला. मी घसरत पुढं ओढला गेलो. पहिल्या फटक्यात ताट उडालं, निरांजन विझलं. दुसऱ्या फटक्यात नखं खांद्यातून खाली गेली आणि पातळ उभं फाटलं. कलिंगडाचं पाणी पातळ असतं, हे दाट होतं. बाया हात जोडून उभ्याच. "देवा, शांत हो. देवा, शांत हो." कुणी हललं नाही. वहिनी गुडघ्यावर आली होती, दादानं तिचे केस धरून मान मागं वाकवली होती, आणि नखांचा हात वर गेला.

मी शेल्याचा वेढा तळहाताभोवती टाकला, टाच देवळाच्या पायरीला रोवली आणि सगळं अंग मागं टाकलं. कापड चामडीतून सरकत गेलं तसा जळका वास आला. दादा मागं उताणा आपटला. मुखवट्याचा बंद तुटला. सिंहाचं डोकं फरशीवरून घरंगळत गेलं आणि पोरीच्या पायापाशी थांबलं.

देव पडला होता. हलगी थांबली. मला वाटलं, आता गाव मला इथंच मारणार.

पण दादा उठला. मुखवटा नव्हता तरी उठला. केस कपाळाला चिकटलेले, डोळे त्याचेच, नेहमीचे, कुठं काय आहे ते नीट दिसणारे. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, वहिनी कुठं आहे ते शोधलं आणि पत्र्याची नखं पुढं करून तिच्याकडं सरकला. मागं देवळाची चौकट. पुढ्यात रक्तानं भिजलेलं हिरवं पातळ. एका बाजूला पडलेला सिंह, उघड्या डोळ्यांनी बघणारा. आणि त्याच्याशेजारी पोरगी, दोन्ही कानांवर हात.

ओसरीवर हसलेली सगळी माणसं तिथंच होती. सगळ्यांनी ते पाहिलं होतं, चहा पीत पाहिलं होतं. बुवांच्या तोंडून निघालं, "हे तर चितरातलं हाय."

"माज्या अंगात हाय!" दादा ओरडला. "कुनी मधी यायचं न्हाई! देव हाय अंगात!"

"तुजा देव तकडं पडलाय," बुवा काठी उगारत म्हणाले. "मग अंगात कोन हाय रं तुज्या? आरं बगता काय, धरा त्याला!"

तेव्हा कुठं जोडलेले हात सुटले. चौघांनी दादाला खाली दाबलं. चुलत्यानंच त्याचे हात शेल्यानं बांधले, तोंडानं शिव्या देत आणि रडत. मास्तरांनी आपल्या गाडीवर वहिनीला मधे बसवून परभणीला नेलं. मागं मी तिला धरून बसलो होतो. माझ्या तळहाताचं रक्त तिच्या पाठीला लागत होतं आणि तिचं माझ्या सदऱ्याला. ती शुद्धीवर होती. म्हणाली, "चितर घरातच राह्यलं ओ भाऊजी. जाळून टाकतील."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन ते आणलं. माय दारात बसली होती. तिनं अडवलं नाही. मुखवटा तिच्या मांडीवर होता आणि त्याच्या कपाळाला दही लावलेलं होतं.

वहिनीनं दवाखान्यातूनच पोलिसांना जबाब दिला, मीही दिला. सोंग आता दुसऱ्या घराकडं गेलंय, मुखवटाही नवीन केलाय असं ऐकतो. गावाचं मात्र माझ्याबाबतीत अजून ठरलेलं नाही. अर्धं गाव म्हणतं, बाई वाचवली. अर्धं म्हणतं, देव पाडला, आणि कुणाची विहीर आटली, कुणाची म्हैस मेली, की ते माझ्या नावावर लागतं. दादा सुटून आल्यावर त्यानं निरोप धाडला, बारक्या दिसला की त्याला उंबऱ्यावर आडवा घेतो. मी पूर्णेला रेल्वेत बसलो आणि इकडं आलो. मायची आठवण येते. ती फोनवर येत नाही.

भट्टीचं तोंड उघडतं तेव्हा आतून आधी तसाच शिळ्या चहासारखा, मग एकदम पिवळा उजेडाचा लोट येतो आणि मला ओसरी आठवते. ज्यांनी मला इथं कामाला लावलं, खोलीत जागा दिली, त्यांचा मी ऋणी आहे. ताईचा आहे. बुवांचाही आहे. क्रम चुकलाय म्हणणारा म्हातारा, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारलं नाही त्यानं.

वहिनी आता सोनपेठला आहे, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. खोलीत एकच भिंत मोकळी, तिच्यावर चित्र. दादानं काढलेलं पिवळं मांजर तिनं नखानं खरवडून काढलं. खालचा चेहराही थोडा निघाला. आता तो कुणाचाच नाही असं ती म्हणते, आणि तसंच बरं आहे म्हणते.

परवा दुपारी तिचा फोन आला. "काय झालं वैनी?"

"काय होतंय? पोरगी विचारायलीय, कोपऱ्यातल्या हाताचं. बोटं धरायलीत का सोडायलीत?"

"तिला काय वाटतं?"

फोन तिकडं गेला. पोरगी बहुतेक भिंतीजवळ जाऊन बघत असावी. मग म्हणाली, "काका, ती आखडलीत. लय वेळ धरल्यावर आखडतात तशी. दुखायली असतील न्हाई?"

"दुखतात," मी म्हणालो. "थंडीत जरा जास्त."